नांगर आणि मासिक

'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही,' अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. आठवड्याच्या बाजारातून नुसता फेरफटका मारला तरी तिचा प्रत्यय येतो. एक भाजीवाला ताजी मेथी पुढ्यात घेऊन मुकाट्याने बसलेला असतो. त्याच्या शेजारचा मात्र खड्या आवाजात पुकारा करीत असतो, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच वळते. मालाला स्वतःची वाचा नसते. मालाच्या वतीने कोणीतरी बोलावेच लागते. परंतु काय बोलावे, कसे बोलावे आणि किती बोलावे, याविषयी ही म्हण काहीच सांगत नाही. त्याचाच विचार आपण या पाठात करणार आहोत.

व्यापाऱ्याचे बोलणे दोन प्रकारचे असते. 'आमचाच माल घ्या, यासारखा दुसरा नाही,' हा झाला पुकारा. 'हा माल कशाचा केला आहे, तो कसा वापरावा, कसा जपावा आणि खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी,' हे सांगणे म्हणजे माहिती. पुकारा ऐकून माणूस क्षणभर थांबतो. माहिती मिळाली की तो शहाणा होतो, आणि ज्याने शहाणे केले त्याला तो सहसा विसरत नाही. दुकानदाराने ग्राहकाला उपयोगी पडेल असे काही लिहावे व त्यातून आपल्या धंद्याची ओळख करून द्यावी, ही कल्पना आज इंटरनेटमुळे घरोघर पोहोचली आहे. पण ती नवी मात्र नाही. महाराष्ट्रातच तिचे एक उत्तम उदाहरण शंभर वर्षांपूर्वी घडून गेले आहे.

बेळगाव येथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे सायकलींचे एक लहानसे दुकान होते. यंत्रांची त्यांना मोठी आवड. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर अशी शेतीची अवजारे त्यांनी तयार करावयास घेतली. पुढे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली. १९१० साली कुंडलजवळच्या त्या ओसाड माळावर कारखाना उभा राहिला व त्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. नांगर चांगला होता. परंतु लोखंडाने जमीन नासते, असा समज तेव्हाच्या अनेक शेतकऱ्यांच्या मनात घर करून बसला होता. त्यामुळे पहिले नांगर खपावयास फार काळ लागला. चांगली वस्तू निर्माण करणे हे निम्मेच काम होय. ती चांगली का आहे, हे लोकांना पटवून देणे हे उरलेले निम्मे काम, हा धडा त्या माळावर मिळाला.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' या नावाचे एक छोटे नियतकालिक सुरू केले. आपला कारखाना, तेथे तयार होणारी अवजारे आणि ती वापरणारे ग्राहक यांच्यात नाते जोडावे, हा त्याचा मूळ हेतू. परंतु शंकररावांनी केवळ आपल्या मालाची स्तुती करून पाने भरली नाहीत. वाचकाला ज्यात गोडी वाटेल आणि ज्याने त्याच्या ज्ञानात भर पडेल, असा मजकूर ते देत गेले. उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय त्यात येऊ लागले. पुढे हेच पत्र 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील एक अग्रगण्य मासिक बनले. १९३० साली त्याच्या जोडीला 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिकेही निघाली. ज्या घराने जन्मात कधी नांगर विकत घेतला नाही, त्या घरातही किर्लोस्करवाडीचे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

परदेशांतही असे प्रयोग झाले होते. योगायोगाची गोष्ट अशी की, त्यांतला एक नांगर करणाऱ्यांचाच आहे. अमेरिकेत जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ साली पोलादी नांगर तयार केला. त्याच्या नावाने चालणाऱ्या कंपनीने १८९५ साली 'द फरो', म्हणजे 'नांगराचे तास', या नावाचे शेतकऱ्यांसाठी पत्र काढले. शेतीची उपयुक्त माहिती देणारे ते पत्र आजही निघते. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधू मोटारींच्या चाकांचे टायर तयार करीत असत. १९०० साली त्यांनी प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका छापली व ती फुकट वाटली. टायर कसा बदलावा, गाडी कोठे दुरुस्त करून मिळेल, वाटेत मुक्काम कोठे करावा, अशी माहिती तिच्यात होती. त्यांचा हिशोब सरळ होता. माहिती हाती असली की लोक निर्धास्तपणे दूरवर जातील. दूर गेले की टायर झिजतील. आणि झिजले की नवे घ्यावेच लागतील. ग्राहकाचे हित आणि धंद्याचे हित एकाच रस्त्याने चालू शकते, हे या तिन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

परंतु मासिक काढावयाचे म्हणजे कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च आला. कारखानदारास तो झेपे. गावातल्या कारागिरास तो कोठून झेपावा? इंटरनेटने नेमकी हीच अडचण पुष्कळशी दूर केली आहे. आज ज्याच्या हाती साधा मोबाइल आहे, तो आपला लेख, छायाचित्र किंवा चलच्चित्र जगापुढे ठेवू शकतो.

आता असे समजू या की, कोल्हापुरातील एका कारागिराला आपल्या चपलांची ओळख दूरदूरच्या लोकांना करून द्यावयाची आहे. त्याने काय लिहावे? 'सर्वांत उत्तम चप्पल! आजच घ्या!' एवढेच लिहिले, तर ते हजारो पुकाऱ्यांत बुडून जाईल. पण त्याच्यापाशी सांगण्याजोगे किती आहे पाहा! बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कसे कमावतात. तळाचे थर एकमेकांवर कसे बसवितात. खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिलाई कशी घालतात. कापशी घाटाची चप्पल इतरांहून वेगळी कशी ओळखावी. नवी चप्पल पायाला लागू नये म्हणून तिला तेल कसे लावावे आणि पावसाळ्यात ती पाण्यापासून का जपावी. हे ज्ञान त्याच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. ते शब्दांत उतरले की त्याच्या मालाला वाचा फुटली.

हे लिखाण लोकांपर्यंत पोहोचते कसे, तेही समजून घेतले पाहिजे. इंटरनेटवर शोधयंत्रे असतात. ती जगभरची पाने आधीच चाळून, कोणत्या पानावर कोणता विषय आहे, याची एक प्रचंड सूची तयार करून ठेवतात. पुस्तकाच्या शेवटी विषयसूची असते, तसाच हा प्रकार. पुण्यातला किंवा लंडनमधला एखादा मनुष्य 'कोल्हापुरी चप्पल भिजली तर काय करावे' असा प्रश्न विचारतो, तेव्हा शोधयंत्र त्या सूचीतून उत्तर देणारी पाने त्याच्यापुढे मांडते. म्हणून सुज्ञ विक्रेता 'मला काय विकावयाचे आहे' येथून आरंभ करीत नाही. 'लोक काय विचारतात' येथून आरंभ करतो. दुकानात गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न वहीत टिपून ठेवले आणि एकेका प्रश्नाचे स्वच्छ उत्तर लिहिले, तरी वर्षभर पुरेल एवढे लिखाण होते. पैसे देऊन केलेली जाहिरात पैसे संपताच थांबते. उपयोगी लेख मात्र विहिरीसारखा असतो. खणताना कष्ट पडतात खरे, परंतु पुढे दीर्घकाळ लोक तेथे पाणी भरावयास येतात.

मालाची हकीकत लिहून ठेवण्याचे आणखीही एक महत्त्व आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या परंपरेला त्यामुळे मान्यता लाभली. पुढे जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी झालेल्या एका प्रदर्शनात 'प्राडा' या प्रसिद्ध कंपनीने कोल्हापुरीसारखीच पादत्राणे मांडली. परंतु तिच्या मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही. ती छायाचित्रे इंटरनेटवर पाहताच शेकडो लोकांनी 'ही तर आमची कोल्हापुरी!' असे लिहिले. अखेर भारतातील पारंपरिक पादत्राणांपासून आपण स्फूर्ती घेतल्याचे त्या कंपनीला मान्य करावे लागले. ज्या वस्तूची कुळकथा लोकांना ठाऊक असते, तिचे श्रेय सहजासहजी हिरावून घेता येत नाही.

परंतु शस्त्र जितके धारदार, तितकी ते वापरणाराची जबाबदारी मोठी. इंटरनेटवर दुसऱ्याने काढलेली छायाचित्रे आपली म्हणून लावणारे आहेत. नसलेले गुण मालाला चिकटविणारे आहेत. आपल्याच आप्तेष्टांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेणारेही आहेत. असे करणे अनीतीचे तर आहेच, शिवाय ते बेकायदेशीरही ठरू शकते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाहूनही मोठी शिक्षा वेगळीच आहे. फसलेला ग्राहक परत येत नाही, आणि पूर्वी तो चार शेजाऱ्यांना सांगे, ते आता चार हजारांना सांगतो.

दुसरा धोका परावलंबनाचा. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने 'टिकटॉक' आणि इतर काही चिनी ॲपवर बंदी घातली. त्या एका ॲपवरच सर्व भिस्त ठेवून ज्यांनी लाखो प्रेक्षक जमविले होते, त्यांचा तो सारा पसारा एका रात्रीत नाहीसा झाला. बंदीचे कारण सुरक्षिततेचे होते. त्यात या लोकांचा दोष नव्हता. परंतु दुसऱ्याच्या अंगणात लावलेल्या झाडावर आपला हक्क किती, हे त्यावरून कळून आले. म्हणून शहाण्या व्यावसायिकाने आपल्या लिखाणाची प्रत स्वतःपाशी ठेवावी, नेहमीच्या ग्राहकांची यादी त्यांच्या संमतीने जपावी आणि सर्व बियाणे एकाच वाफ्यात पेरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, लिखाण कितीही सुंदर असले तरी ते मालाची जागा घेऊ शकत नाही. किर्लोस्करांचा नांगर जर पहिल्याच तासाला मोडला असता, तर त्यांच्या मासिकावर कोणी विश्वास ठेवला नसता. मासिकामागे नांगर भक्कम उभा होता, म्हणूनच शब्दांना वजन आले.

आरंभी सांगितलेल्या म्हणीकडे आता पुन्हा पाहा. बोलणाऱ्याची माती विकते हे खरे. परंतु ती एकदाच विकते. ज्याच्यापाशी सोने आहे त्याने ते सोने का आहे, हे साध्या आणि खऱ्या शब्दांत सांगावयास शिकले पाहिजे. तुमच्यापैकी कोणी उद्या शेतकरी होईल, कोणी कुंभार, कोणी सुतार, कोणी दुकानदार. हाताच्या कौशल्याबरोबर शुद्ध, नेटके आणि प्रामाणिक लिहिण्याचे कौशल्यही जो कमावील, त्याच्या श्रमाचे मोल जगाला समजल्यावाचून राहणार नाही.

शब्दार्थ

प्रत्यय – अनुभव. ओसाड – वस्ती नसलेला. तास – नांगराने जमिनीत पडणारी रेघ. वादी – चामड्याची अरुंद पट्टी. घाट – घडण, आकार. कुळकथा – मूळ हकीकत. भिस्त – भरवसा. परावलंबन – दुसऱ्यावर अवलंबून राहणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'किर्लोस्कर खबर' हे पत्र कोणी व केव्हा सुरू केले?
(आ) पहिले लोखंडी नांगर खपावयास वेळ का लागला?
(इ) कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन कोणत्या साली मिळाले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुकारा आणि माहिती यांतील फरक स्पष्ट करा.
(आ) मिशेलिन बंधूंनी पुस्तिका फुकट का वाटली?
(इ) 'उपयोगी लेख विहिरीसारखा असतो' असे लेखक का म्हणतो?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मनात घर करणे, वाचा फुटणे, स्फूर्ती घेणे, श्रेय हिरावून घेणे.

४. विग्रह करून समास ओळखा.
पिढ्यान्‌पिढ्या, घरोघर, समाजसुधारणा, खरे-खोटे.

५. उपक्रम
तुमच्या गावातील एखाद्या कारागिरास भेटा. गिऱ्हाइके त्याला कोणते प्रश्न नेहमी विचारतात, ते वहीत टिपून घ्या. त्यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून समजून घेऊन दहा ओळींत लिहा. लिहिलेले त्यालाच वाचून दाखवा. त्याने सांगितले नाही असे एकही वाक्य त्यात राहू देऊ नका.