हलकं लिनक्स म्हणजे नेमकं काय हलकं?

प्रश्न : आमच्याकडे २००९ साली घेतलेला संगणक आहे. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. चालू करून चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तरी पडदा पुरता आलेला नसतो. भाचा म्हणतो, “हलकं लिनक्स टाका, पळायला लागेल.” माझी शंका अशी : हलकं करतात म्हणजे त्यातलं काय काढून टाकतात? आणि मुलीला मराठी टाइप करायचं असतं, ते त्यात नीट होईल का?
— एक वाचक, विरार (पूर्व)

उत्तर : भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येऊ.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उबुंटूत असो की अँटीएक्समध्ये, जवळजवळ तोच असतो. वजन असतं त्याच्यावर चढवलेल्या गोष्टींचं, आणि त्यात पहिला नंबर खिडक्या-मेनू मांडणाऱ्या डेस्कटॉपचा. ग्नोमसारखा नटवा डेस्कटॉप काही न करता नुसता बसला तरी एक जीबीच्या आसपास रॅम अडवतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी साधारण त्याच्या निम्म्यात भागवतात. अँटीएक्स ‘आइसडब्ल्यूएम’ नावाचा जुन्या वळणाचा खिडकी-व्यवस्थापक वापरतं आणि दोन-अडीचशे एमबीत संसार मांडतं. डेस्कटॉपच्या मागे न दिसणारी मंडळीही असतात : फाइलींची सूची करत बसणारी, ब्लूटूथ शोधणारी, अपडेटची चौकशी करणारी. हलकं करायचं म्हणजे यातल्या ज्यांची गरज नाही त्यांना घरी पाठवायचं. त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणी केलेलंच घ्यायला हवं असं नाही. डेबियन डेस्कटॉपशिवाय बसवून वर लागेल तेवढंच घालता येतं. वेळ असेल तर मला तीच पद्धत आवडते, कारण काय घातलं आणि काय नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पपी लिनक्सची तऱ्हा वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली पेनड्राइव्हवरून उठते आणि आख्खी रॅममध्ये जाऊन बसते. हार्ड डिस्क मेलेल्या यंत्रातही ती चालते.

आपल्या जवळचं उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या शाळेचं. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये तिथल्या मुलांच्या हाती आले. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कच्या जागी १ जीबीची फ्लॅश मेमरी. तुमच्या यंत्रात याच्या आठपट रॅम आहे. आत फेडोरा लिनक्स होतं आणि वर ‘शुगर’ नावाचा पडदा. शुगरमध्ये एकावर एक खिडक्यांची गर्दी नसते. समोर जे काम आहे ते पडदाभर दिसतं. इतक्या तुटपुंज्या यंत्रावर काम निभावलं ते यंत्राला काय करायला लावायचं नाही हे आधीच ठरवलेलं होतं म्हणून.

आता भाच्याचं उरलेलं अर्धं. तुम्ही प्रणाली बदलून पाचसातशे एमबी वाचवाल आणि मुलगी ब्राउझरमध्ये सहा टॅब उघडेल, की हिशेब पुन्हा होता तिथे. वेबसाइटचं वजन विंडोजवर जेवढं, तेवढंच लिनक्सवर. लिनक्स ते कमी करू शकत नाही. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सला जोडा. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळदा डेस्कटॉप बदलूनही पडत नाही. यूट्यूबचं दुखणं निराळं आहे. तिथले व्हिडिओ आता बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीने बांधलेले येतात, आणि ते सोडवताना जुन्या प्रोसेसरला घाम फुटतो. एच.२६४ ही जुनी पद्धत त्याला झेपते. तीच मागून घेणारं छोटं एक्स्टेन्शन मिळतं. ते लावा आणि चित्र ४८० वर ठेवा.

मग विंडोज ७ च का ठेवू नये? कारण त्याची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, आणि क्रोमने २०२३ मध्ये त्याची साथ सोडली. बँकेचं काम तरी त्यावर करू नका.

कोणतं उतरवायचं याआधी एक गैरसमज दूर करतो. जुन्या संगणकावर ३२ बिटचंच चालतं असं दुकानदारही सांगतात. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे. त्या काळी त्यावर ३२ बिटचं विंडोज बसवून देत, म्हणून हा समज पसरला. तुम्ही खुशाल ६४ बिटचं घ्या, कारण दुसरी वाट झपाट्याने बंद होते आहे. उबुंटूने ३२ बिटचा डेस्कटॉप २०१७ मध्ये सोडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. २००८ च्या सुमाराचे ॲटम एन२७० वाले चिमुकले नेटबुक ज्यांच्याकडे आहेत त्यांची खरी पंचाईत. त्यांनी डेबियन १२ वर बेतलेलं अँटीएक्स २३ पाहावं. लिनक्स जन्मलं ते इंटेलच्या ३८६ चिपवर, १९९१ मध्ये, आणि त्याच ३८६ ला कर्नलने २०१२ च्या डिसेंबरात निरोप दिला. जुन्याला कायम सांभाळायचं वचन कुणीच दिलेलं नाही.

खर्च करायची तयारी असेल तर पैसे एसएसडीत घाला. हार्ड डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसरीकडे पोचायला दहाएक मिलिसेकंद घेतं, आणि चालू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. तुमचा चहा तिथेच निवतो. त्या काळच्या सटा जोडणीत आजची एसएसडी बसते. डीडीआर२ रॅम नवी सहसा मिळत नाही, पण विरारहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला तर जुनी पट्टी सापडते. ती मिळेपर्यंत झेडरॅम चालू करा. रॅममध्ये पडून राहिलेली माहिती आवळून, तिथल्या तिथे जागा करणारी ही कर्नलची सोय म्हणजे विरार लोकलची चौथी सीट. बाक तेवढाच, अंग चोरून एक जास्त बसतो. आवळण्या-सोडवण्याचं काम प्रोसेसरला पडतं, तरी डिस्कवर हेलपाटे घालण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

वसई-विरारकडची खारी हवा लक्षात घ्या. पावसाळ्यात यंत्र सादळतं, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात आणि चालू केल्यावर नुसते बीप येतात. पट्टी काढून दात खोडरबरने हलके घासायचे, हा आपल्या दुरुस्तीवाल्यांचा उपाय अजून खरा आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल संपला असेल तर लाइट गेल्यावर तारीख मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. लोक दोष नव्या लिनक्सला देतात. सेल आधी बदला.

मराठीची चिंता नको. लोहित हा देवनागरी फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला आणि रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिला. तो आणि नोटो, दोन्ही डेबियनमध्ये मिळतात. टायपिंगला इनस्क्रिप्ट कळफलक आहे, आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायचं तर आयबससोबत एम१७एन जोडा. बसवून झालं की ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ लिहून पाहा. दोन्ही वेगळे उमटले तर सगळं जागेवर आहे. मात्र श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर अगम्य चिन्हं दिसतील. त्या आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. घरात कुणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल किंवा मुलगी एमएस-सीआयटी करत असेल, तर त्या कामाला विंडोजच लागेल.

प्रिंटर कोणता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एचपीचा असेल तर बहुतेक वेळा आपोआप ओळखला जातो. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणं कटकटीचं आहे. म्हणून हार्ड डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, आवाज आणि वाय-फाय तपासा, आणि एक पान छापून पाहा.