बी.एड. झाले, आता कोणती रांग धरायची?

विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये आज दोन तऱ्हेची कुटुंबे शेजारी राहतात. काही म्हाडाच्या घरांसाठी मुंबई सोडून आलेली, तर काही आगाशी-नंदाखालच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वाडी राखलेली. मुलगी किंवा मुलगा बी.एड. होऊन घरी बसला की दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच असतो : "लागली का कुठे?" दिवाळीपर्यंत उत्तर 'नाही' असेल, तर आईबाबांना वाटू लागते की पोर पुरेसे प्रयत्न करत नाही. पोराला वाटते, आपण ही वाटच चुकीची धरली.

बहुतेक वेळा दोघांचेही खरे नसते. शिक्षकाची पहिली नोकरी आणि शिक्षकाची कायम नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घरात त्या एकच धरल्या जातात. कायम नोकरीची भरती सरकार ठरवेल तेव्हा होते. खासगी शाळांतली पहिली नोकरी दरवर्षी, साधारण त्याच महिन्यांत मिळते. तयारी दोन्हींची एकाच वेळी करायची असते, पण एकीची वाट पाहत दुसरी सोडायची नसते.

कायम नोकरीची रांग लांब का?

२ मे २०१२ रोजी राज्याने शिक्षकभरतीवर बंदी घातली. पुढे भरती 'पवित्र' पोर्टलवर आली आणि त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, सुरू झाली. ती दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी मे-जून २०२५ मध्ये. २०२३ च्या चाचणीला सुमारे २ लाख १६ हजार उमेदवार बसले होते. त्यानंतर पोर्टलवर जाहिरात आली ती २१ हजार ६७८ पदांची. म्हणजे ढोबळमानाने दहा उमेदवारांमागे एक पद, आणि त्यातही प्रवर्ग, माध्यम व विषय यांच्या चाळण्या.

जागा किती, हे संचमान्यतेवरून ठरते. शाळेत पट किती, त्यावर पदे मंजूर होतात. मराठी शाळांचा पट घसरला की पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि रिकाम्या जागेवर आधी त्याचे समायोजन होते. नवा उमेदवार त्याच्या मागे उभा असतो. तुमच्या गुणपत्रिकेशी याचा काही संबंध नाही. म्हणून वर्षभर नोकरी लागली नाही याचा अर्थ मूल नालायक असा लावू नका.

आधी पात्रता नीट समजून घ्या

पुष्कळ अर्ज पात्रतेच्या घोळातच बाद होतात.

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागते. बी.एड. असले की खालच्या वर्गांना शिकवता येईलच, हा समज सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर सोडून द्यावा. प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नाही, असे त्या निकालाने स्पष्ट केले.

पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. पेपर पहिला हा पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. दीडशे गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ९० लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. केंद्राची सीटीईटीही राज्यात चालते आणि दोन्ही प्रमाणपत्रे आता आयुष्यभर वैध आहेत. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. जुन्या शिक्षकांना जिच्यातून सुटका नाही, तिच्याविना नव्याने दार ठोठावण्यात अर्थ नाही.

नववी-दहावीसाठी विषयातली पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते.

टीईटी आणि टेट यांची नावे सारखी असल्याने गल्लत होते. टीईटी ही पात्रता आहे. उत्तीर्ण झालात की काम संपले. टेट ही स्पर्धा आहे : दोनशे गुण, दोन तास, १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते, एकेका गुणावर नंबर मागेपुढे होतो. म्हणून टीईटी शिकत असतानाच देऊन टाकावी आणि टेटसाठी रोज तासभर गणित व तर्काचा सराव चालू ठेवावा. पुढची चाचणी जाहीर झाल्यावर अभ्यासाला बसणारे मागे पडतात. २०२५ च्या चाचणीला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू दिले होते, हेही ध्यानात असू द्या.

विरारहून गाडी उत्तरेलाही जाते

बोळिंजकरांना नोकरी म्हटली की चर्चगेटकडे जाणारी लोकल आठवते. शाळांच्या बाबतीत उलट दिशेचाही विचार करा. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, डहाणू रोड ही स्थानके विरारच्या पुढे आहेत आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकलही धावते. मुंबईच्या शाळेसाठी चेंगरत प्रवास करणाऱ्याने पालघर-बोईसरच्या शाळांची यादीही हाताशी ठेवावी.

१ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाल्यापासून जिल्हा परिषदेचा कारभार पालघरहून चालतो. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली, तरी शहरातल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. त्यामुळे विरारमधल्या सरकारी शाळेची जागाही पालिकेच्या जाहिरातीत शोधण्यात अर्थ नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. २९ ऑगस्ट २०१९ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने तिथली शिक्षकांसह सतरा संवर्गांतली पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवली. तो विषय पुढे न्यायालयातही गेला. तिथल्या पदाचा पसंतीक्रम भरण्याआधी आपण पात्र आहोत का, हे बघा. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे काम डहाणू आणि जव्हार इथल्या प्रकल्प कार्यालयांतून चालते. २०२५ मध्ये त्या विभागाने शिक्षकांची काही पदे बाह्य संस्थेमार्फत भरायचे ठरवले तेव्हा मोठे आंदोलन झाले. कंत्राटी जागा आली तर ती कोणाकडून, किती महिन्यांची, हे विचारूनच होकार द्या.

या भागात शिकवायचे तर एक तयारी पुस्तकाबाहेरची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले काम पुढे कोसबाडला रुजले, ते मुलाच्या परिसरातून आणि बोलीतून शिकवण्यावर. तुमच्या वर्गातही वारली, वाडवळी, सामवेदी किंवा हिंदी-गुजराती बोलणारी मुले असतील. मुलाखतीत 'घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला कसे शिकवाल?' असे विचारले, तर यावर चार ठोस वाक्ये तयार असू द्या.

पहिला वर्ग खासगी शाळेत

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, पण शिक्षक शोधायला फेब्रुवारी-मार्चपासूनच सुरुवात होते. निकालाची वाट बघत जुलैत अर्ज करणाऱ्याला कोणी मध्येच सोडून गेल्याची जागा मिळते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीतच बोळिंजपासून अर्ध्या-पाऊण तासातल्या शाळांची यादी करा आणि अर्ज स्वतः जाऊन द्या. आंतरवासिता जिथे केली त्या मुख्याध्यापकांकडून शिफारसपत्र घ्या. तुम्हाला वर्गात पाहिलेले तेच पहिले बाहेरचे माणूस असते. वसईत ख्रिस्ती संस्थांच्या शाळा बऱ्याच आहेत. अल्पसंख्याक संस्था आपली भरती स्वतः जाहिरात देऊन करतात, तेव्हा वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवर नजर असू द्या.

निवड बहुधा डेमो पाठावर होते. सराव पाठाचे टाचण जसेच्या तसे तिथे वापरू नका. वर्ग कोणता, वेळ किती आणि समोर मुले असतील की शिक्षकच, हे आदल्या दिवशी विचारा. पंधरा मिनिटांत एकच मुद्दा शिकवा, फळ्यावर सरळ ओळीत लिहा आणि शेवटी दोन प्रश्न विचारून मुलांना कळले का ते तपासा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बोलताना अडखळलात तर चालते, व्याकरण चुकीचे शिकवले तर चालत नाही. विज्ञान-गणित असलेल्याला दार लवकर उघडते. इतिहास-मराठी असलेल्याने वाचनालय, नाटक, स्काउट-गाइड यांपैकी काही हाती घेतले तर शाळेला त्याचा उपयोग दिसतो.

सही करण्याआधी

विनाअनुदानित शाळेतला पगार बेताचा असतो. तुलनेसाठी आकडा हवा असेल, तर सरकारी वा अनुदानित शाळेत लागलेल्या शिक्षण सेवकाला तीन वर्षे मानधन मिळते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. कायम नोकरीची सुरुवातही अशी मानधनावरच होते, हे आईबाबांना माहीत असावे.

नियुक्तीपत्र लेखी घ्या. पगार बँकेत जमा होईल का आणि मे महिन्याचा मिळेल का, हे विचारा. मूळ प्रमाणपत्रे शाळेत ठेवायला सांगितली तर साक्षांकित प्रती द्या, मूळ देऊ नका. सोडताना अनुभवाचा दाखला मागून घ्या. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी राज्यात १९७७ चा कायदा आहे, त्याची मराठी प्रत एकदा वाचून काढा.

"इतके लाख द्या, जागा पक्की"

नोकरी लांबली की असा माणूस हमखास भेटतो आणि आईबाबांची मुदतठेव मोडते. २०१९ च्या टीईटीतल्या गैरप्रकारानंतर परीक्षा परिषदेने ७ हजार ८८० उमेदवारांची संपादणूक रद्द केली. २०२५ मध्ये नागपुरात, शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ ओळख क्रमांकांचे बोगस प्रकरण उघडकीला आले आणि अटका झाल्या. पैसे देऊन मिळालेल्या जागेवर पगार सुरू झाला, तरी ती जागा पक्की नसते. चौकशी लागली की पहिला फटका उमेदवारालाच बसतो. मागणी आली तर तिथूनच उठा.

आईबाबांनी काय ठरवावे

दोन वर्षांची मुदत घरात बसून एकत्र ठरवा. पहिल्या वर्षी टीईटी हातात आणि कुठल्या तरी शाळेत वर्ग. दुसऱ्या वर्षी त्याच शाळेत राहून टेटचा सराव आणि शक्य असल्यास केंद्रीय विद्यालय, नवोदय यांच्या भरतीचे अर्ज. दोन वर्षांनी गुण आणि अनुभव समोर ठेवून पुन्हा बोला : पुढे पदव्युत्तर करायचे, विषय बदलायचा की क्षेत्र? त्याआधी दर रविवारी तो विषय काढण्यात अर्थ नाही. पगार कमी म्हणून शाळेत जाऊच नको, असे सांगणे तर सगळ्यात महागात पडते. वर्षभर वर्गाबाहेर राहिलेल्याचा डेमो पाठ दुसऱ्या वर्षी आणखी कच्चा होतो.

ज्यांच्या घरात अजून प्रवेशाचा विचार चालू आहे, त्यांनी अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून पाहाव्यात : मुलाला कोणत्या वयाची मुले आवडतात, पदवीचा विषय शाळेत शिकवला जातो का आणि पहिली तीन-चार वर्षे कमी पैशांत काढायची घराची तयारी आहे का? तिन्ही उत्तरे जुळत असतील तर डी.एल.एड. की बी.एड. हे त्यावरूनच ठरेल. जुळत नसतील, तर दोन वर्षांची फी भरण्याआधीच ते कळलेले बरे.