पत्ता बरोबर, तर निरोप पोहोचणार : इंटरनेट कसे चालते?



शाळेची सूचना, परीक्षेचा निकाल, बँकेचा व्यवहार, परदेशातल्या मावशीशी गप्पा, ही सारी कामे आज आपण इंटरनेटवरून करतो. पण ‘इंटरनेट म्हणजे काय?’ असे विचारले की वाय-फाय, गूगल, मोबाइल अशी उत्तरे येतात. ही तर इंटरनेटची साधने झाली. या पाठात आपण प्रत्यक्ष इंटरनेट कसे चालते ते पाहू. शेवटचा भाग पालकांनी अवश्य वाचावा, कारण तो घरातल्या पैशांशी संबंधित आहे.

जाळ्यांचे जाळे

आपल्या संगणक कक्षातील संगणक एकमेकांना जोडले, की एक छोटे जाळे तयार होते. असे घराचे, शाळेचे, विद्यापीठाचे, कंपनीचे जाळे वेगवेगळे असते. ही लाखो जाळी एकमेकांना जोडली गेली, की इंटरनेट होते. त्याचा कोणी एक मालक नाही. दोन जाळी जिथे मिळतात तिथे राउटर नावाचे यंत्र असते. ते चौकातल्या पोलिसासारखे आलेल्या माहितीला पुढची वाट दाखवते.

सुभानपुऱ्यातून निघालेली माहिती घरातल्या राउटरमधून सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाते. अमेरिकेला जायचे असेल, तर पुष्कळदा ती मुंबईपर्यंत जाते आणि वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागलेल्या समुद्राखालच्या केबलमधून पुढे जाते. या केबलमध्ये केसाएवढे बारीक काचेचे धागे असतात आणि त्यांतून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते. परदेशी जाणारी बहुतेक सर्व माहिती उपग्रहावरून जात नाही, या केबलांमधूनच जाते.

पाकिटे आणि नियम

न्यू जर्सीतल्या मावशीला आपण ३ मेगाबाइटचा फोटो पाठवला असे समजा. तो अखंड जात नाही. त्याचे साधारण १,५०० बाइटचे एक, असे सुमारे २,००० तुकडे होतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणजे पाकीट म्हणतात. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमाची खूण असते. सगळी पाकिटे एकाच वाटेने जातील असे नाही. पलीकडचा संगणक ती क्रमाने लावतो आणि एखादे हरवले तर ‘ते पुन्हा पाठवा’ असे कळवतो.

हे साधायचे तर दोन्ही बाजूंनी सारखेच नियम पाळायला हवेत. अशा ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. पत्ता पाहून पाकीट पुढे नेण्याचा नियम म्हणजे आयपी, आणि पाकिटे पूर्ण व क्रमाने पोहोचली की नाही हे तपासण्याचा नियम म्हणजे टीसीपी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली याची मूळ कल्पना मांडली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने हे नियम स्वीकारले.

अनेक वाटा असल्याचा फायदा भारताने अनुभवला आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या. आपल्या देशातील इंटरनेट फार मंदावले, पण बंद पडले नाही. पुष्कळशी वाहतूक सिंगापूरच्या बाजूने वळवण्यात आली.

पिनकोड आणि आयपी पत्ता

पत्त्याची कल्पना समजायला टपाल खात्यासारखे उदाहरण नाही. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. सुभानपुऱ्याचा पिनकोड ३९००२३. त्यातील ३ हा आकडा गुजरात-राजस्थानचा विभाग दाखवतो, ३९० वरून बडोदे कळते आणि शेवटचे ०२३ आपले टपाल कार्यालय सांगतात. त्यामुळे दूरच्या गावातील कर्मचाऱ्याला सुभानपुरा कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. तो फक्त पहिले आकडे पाहतो.

आयपी पत्ताही असाच वाचला जातो. राउटर पत्त्याच्या सुरुवातीच्या भागावरून जाळे ओळखतो, उरलेल्या भागावरून त्या जाळ्यातले यंत्र. मात्र एक फरक आहे. पिनकोड जागेचा असतो, आयपी पत्ता जाळ्याचा. आपण घर सोडून बाहेर पडलो की मोबाइलचा पत्ता बदलतो.

जुन्या पद्धतीत हा पत्ता ० ते २५५ मधील चार संख्यांचा असतो. घरच्या राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता काहींनी पाहिला असेल. तो हजारो घरांत सारखाच असतो, कारण तो फक्त घरापुरता आहे, जसे ‘वरच्या मजल्यावरची डावीकडची खोली’. बाहेरच्या जगासाठी कंपनी वेगळा पत्ता देते.

असे एकूण ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते होऊ शकतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेलेली! फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटून झाले. म्हणून आयपीव्ही-६ ही लांब पत्त्यांची पद्धत वापरात येत आहे. तिच्यातील पत्त्यांची संख्या ३९ अंकी आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली, विदेश संचार निगमकडून. त्या काळच्या ९,६०० बिट प्रति सेकंद वेगाच्या मोडेमवरून मावशीचा तो फोटो जायला ४० मिनिटांहून अधिक वेळ लागला असता.

नाव वाचायला शिका

इतके आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था रचली. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, ती त्याचा आकडी पत्ता शोधून देते. २०१४ पासून ‘.भारत’ने संपणारी नावे मराठीसह अनेक भाषांसाठी देवनागरीत घेता येतात.

आता महत्त्वाची गोष्ट. आपण दिलेल्या पत्त्यावर पाकीट पोहोचवणे एवढेच जाळ्याचे काम. तिथे राहणारा प्रामाणिक आहे की ठग, हे जाळे पाहत नाही. कुलपाच्या खुणेचा अर्थही ‘वाटेत कोणी वाचणार नाही’ एवढाच. समोरचा माणूस खरा आहे असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून नाव उजवीकडून वाचावे. पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबावे आणि तिथून मागे यावे. ‘अमुकबँक.बँक.इन’ हे बँकेचे नाव झाले. ‘अमुकबँक.बँक.इन.बक्षीस.कॉम’ हे मात्र ‘बक्षीस.कॉम’वाल्याचे घर आहे, डावीकडे त्याने काहीही लिहिलेले असो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ या नावाखाली येण्यास सांगितले होते. ही नावे फक्त बँकांनाच मिळतात.

करून पहा

१. घरातील मोबाइलचा आयपी पत्ता वाय-फायवर आणि वाय-फाय बंद करून शोधा. काय बदलले?

२. संगणक कक्षात शिक्षकांच्या मदतीने ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा देऊन एखाद्या संकेतस्थळापर्यंत वाटेत किती राउटर दिसतात ते मोजा.

३. आजी-आजोबांना आलेल्या एका संदेशातील दुवा न उघडता त्याचे नाव उजवीकडून वाचा आणि तो कोणाचा आहे ते त्यांना समजावून सांगा.

तिसरा स्वाध्याय सर्वांनी करावा. त्याला गुण नाहीत, पण घरातले पैसे त्यामुळे वाचू शकतात.