टेबलावरून उतरवलं तर रागावू नका

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली. नंबर लागतो, टेबलावर झोपवतात, स्कॅन होतो आणि टेक्निशियन सांगतो, ‘काका, पोटात गॅस आहे, जरा जाऊन या.’ इतकं महागडं मशीन गॅसपुढे अडावं?

अडतं, कारण ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाला चिकटून असते. मागे वायू किंवा मळ साठला की ती पुढे सरकते. बहुधा काही मिलिमीटर, क्वचित सेंटिमीटरभरही. कातडीवरच्या खुणांवरून तुम्ही सरळ झोपलात एवढंच कळतं. म्हणून रोज स्कॅन करतात, काही ठिकाणी ग्रंथीत सोन्याचे बारीक दाणे बसवतात आणि त्यांच्या जागेनुसार टेबल हलवतात. टेबल हलवून जागा जुळते, पण ग्रंथीचा बदललेला आकार किंवा वेगळे हलणारे वीर्यकोश जुळत नाहीत. अडॅप्टिव्ह रेडिओथेरपीत त्या दिवशीच्या स्कॅनवरून तिथल्या तिथे नवा प्लॅन बनतो.

त्यामुळे ‘आता पोटाचं आणि पाण्याचं पथ्य कशाला?’ असं काहींना वाटतं. उलट आहे. नवा प्लॅन होईपर्यंत तुम्ही निश्चल पडून असता, अनेकदा पंधरा-वीस मिनिटं, एमआरआय मशीनवर त्याहून जास्त. तेवढ्यात मूत्राशय भरत जातं, वायू सरकतो.

शिवाय नेम जितका अचूक, तितकी ग्रंथीभोवती किरणांसाठी धरायची जादा जागा कमी, आणि हलायला वावही कमी. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एमआरआयने ग्रंथीवर नजर ठेवून ही जागा ४ मिलिमीटरवरून २ वर आणली. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत लघवीचा लक्षणीय त्रास सुमारे ४३ टक्क्यांऐवजी २४ टक्के रुग्णांना झाला.

माझ्या मते सर्वांत जपण्याचा दिवस म्हणजे, ज्यावरून मूळ प्लॅन बनतो त्या पहिल्या प्लॅनिंग सीटीचा. उपचाराच्या एखाद्या दिवशीचा गॅस त्या दिवसापुरता. प्लॅनिंगलाच गुदाशय फुगलेला असेल तर ती चूक रोज गिरवली जाऊ शकते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये, रोज ग्रंथीची जागा न तपासता उपचार झालेल्या रुग्णांत, अशा फुगलेल्या गुदाशयाचा संबंध कॅन्सर पुन्हा डोकं वर काढण्याशी आढळला होता (२००५). बद्धकोष्ठ असेल तर सीटीच्या आधीच्या आठवड्यातच सांगा. इसबगोल मनाने सुरू करू नका, त्यानेही काहींचं पोट फुगतं. वाल-वाटाण्याच्या उसळी आणि सोडा तूर्त बाजूला ठेवा.

पाण्याचं माप तुमच्या रुग्णालयाने दिलं असेल तेच पाळा: लघवी करून, ठरलेलं पाणी पिऊन, ठरलेला वेळ थांबायचं. जास्त प्यायलात तर जास्त चांगलं, असं नाही. तडस लागलेला माणूस स्थिर पडू शकत नाही. उन्हाळ्यात लांबून एसटीने येणाऱ्यांनी आदल्या दिवसापासून पाणी पीत राहावं, नाहीतर ऐन वेळी प्यायलेलं मूत्राशयात उतरायला उशीर लागतो. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर वेळ आणि माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. नंबर लांबला आणि लघवी धरवेनाशी झाली, तर टेबलावर चढण्याआधीच टेक्निशियनला सांगा.