सेंद्रिय शेतीस अनुदान कशासाठी?

रासायनिक खते बंद केली की शेत त्याच दिवशी सेंद्रिय होते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः या पालटास दोन-तीन वर्षे लागतात. या मधल्या काळात शेतकऱ्याचा संसार कसा चालावा, हाच सेंद्रिय शेतीपुढील खरा प्रश्न होय. सरकारी अनुदानाचा विचारही येथूनच सुरू केला पाहिजे.

युरियात शेकडा 46 भाग नत्र असते. 45 किलोच्या एका गोणीतून सुमारे 21 किलो नत्र मिळते. शेणखतात नत्राचे प्रमाण शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास असते. म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी सुमारे चार टन शेणखत शेतात वाहून न्यावे लागते. शिवाय हे नत्र पिकास लगेच मिळत नाही. जमिनीतील सूक्ष्मजीव खताचे विघटन करतात, तेव्हा ते हळूहळू मोकळे होते. जमीन या नव्या पोषणास सरावेपर्यंत उत्पन्न बहुधा घटते. मजुरी मात्र वाढते.

याच काळात मालास सेंद्रिय मालाचा चढा भावही मिळू शकत नाही. 2001 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार हंगामी पिकांसाठी साधारणतः दोन वर्षांचा व बहुवर्षायू पिकांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ ठरविलेला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युरियाच्या किमतीचा मोठा भाग सरकार सोसते. यास्तव युरिया सोडणारा शेतकरी एका चालू अनुदानावरही पाणी सोडत असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने 2015 मध्ये परंपरागत कृषी विकास योजना सुरू केली. तीत शेतकऱ्यांचे गट केले जातात. सुधारित नियमांनुसार तीन वर्षांत दर हेक्टरी 31,500 रुपये साहाय्य ठरले; त्यांपैकी 15,000 रुपये खतादी साधनांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. वर्षास हेक्टरी 5,000 रुपये असा हा हिशेब पडतो. उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्री इत्यादी कामांसाठी असते.

सिक्कीम राज्याने हाच मार्ग संथपणे आक्रमिला. 2003 मध्ये तेथील विधानसभेत ठराव झाला. पुढे रासायनिक खतांवरील अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. 2010 मध्ये विशेष मोहीम सुरू झाली आणि जानेवारी 2016 मध्ये, सुमारे 75,000 हेक्टर जमीन सेंद्रिय झाल्यावर, ते देशातील पहिले संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. तथापि, त्या डोंगराळ प्रदेशात रासायनिक खतांचा वापर मुळातच अल्प होता. पंजाबातील गहू-भाताच्या शेतीस तो दाखला जसाच्या तसा लागू पडणार नाही.

घाई केल्यास काय होते, हे श्रीलंकेत दिसून आले. 2021 मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे उत्पादन घटले, शेतकरी रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बंदी मागे घ्यावी लागली.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. जमिनीस वेळ लागतो, आणि तो वेळ कायद्याने कमी करता येत नाही. शेतकऱ्यास तेवढा काळ तग धरता यावा, हेच अनुदानाचे प्रयोजन होय. पुढे मात्र प्रमाणपत्र मिळालेल्या मालास रास्त भाव देणारी बाजारपेठ उभी राहिली पाहिजे. नाही तर अनुदान संपताच शेतकरी पुन्हा युरियाच्या गोणीकडे वळेल, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.