आधी गाव, मग घर

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, सर्वेक्षणातली कुटुंबं डेटाबेसात चढली, पण माणसं चढतच नाहीत. सारखं पेरेंट नॉट फाउंड येतंय." आवाजावरून कळलं, रडकुंडीला आली होतीस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सावकाश लिहितेय.

त्या एररला घाबरू नकोस. ज्या घरातली ती माणसं आहेत ते घर सापडत नाही, एवढंच सॉफ्टवेअर सांगतंय. तेव्हा चढवायचा क्रम पक्का ठेव: तालुका, गाव, कुटुंब, माणूस. चार वेगळे जॉब कर आणि पहिला पुरा झाल्याशिवाय दुसरा सुरूच होणार नाही अशी साखळी लाव. वेळ वाचावा म्हणून सगळे एकदम पळवायची सोय असते, ती इथे बंद ठेव.

पण मला वाटतं तुझी गोम क्रमात नाही, किल्लीत आहे, म्हणजे कुठलं माणूस कुठल्या घरातलं हे ज्या रकान्यावरून ओळखायचं त्यात. तुमचा फॉर्म कोबो टूलबॉक्सवर आहे. कुटुंबाची माहिती एका शीटवर येते, त्यातली माणसं दुसऱ्या. माणसांच्या शीटवर पेरेंट इंडेक्स नावाचा रकाना दिसतो आणि आपण त्यालाच जोड देतो. तो आकडा म्हणजे त्या फाइलीतला ओळीचा अनुक्रमांक, बाकी काही नाही. तू भोरची फाइल वेगळी उतरवलीस, वेल्ह्याची वेगळी, आणि एकाखाली एक लावलीस. आता भोरचं ३७ नंबरचं घर आणि वेल्ह्याचं ३७ नंबरचं घर, दोन्हींची किल्ली ३७. माणसं एक तर अडकणार, नाही तर परक्या घरात जाऊन बसणार. अडकली तर निदान कळतं तरी. परक्या घरात बसली की कुणाला पत्ताही लागत नाही, मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. माणसांच्या त्याच शीटवर सबमिशनचा यूयूआयडी असतो, लांबलचक अक्षर-आकड्यांचा. तो फाइल कितीदाही उतरवलीस तरी बदलत नाही. जोड त्याच्यावर दे.

गावांचंही तसंच. नावावर जोड देऊ नकोस, कितीही सोपं वाटलं तरी. फॉर्म भरणाऱ्या एकीने 'बुद्रुक' लिहिलं, दुसरीने 'बु.', तिसरीने 'बु॥', की झाली तीन गावं. आंबवणे वेल्ह्यात आहे, तसंच कोरीगडाच्या पायथ्याशी मुळशीतही आहे. आणि तालुक्याचंच बघ ना. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्ह्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. जुन्या फाइलीत वेल्हे, नव्यात राजगड, आणि नावावर जोड असेल तर एका रात्रीत सगळी गावं पोरकी. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हापासून गावाच्या नावाशेजारी तो छापूनही येतो. तो घे. नाव नुसतं दाखवायला ठेव.

आणि गट नंबरचा रकाना एक्सेलमध्ये उघडण्याआधी टेक्स्ट करून घे गं. ५/१० लिहिलेला हिस्सा एक्सेल पाच ऑक्टोबर करून टाकतं, मग तो कुठल्याच सातबाऱ्याला जुळत नाही.

आता एक जरा अवघड. गावाला पालक एकच नसतो. महसुलात गाव तलाठ्याच्या सजात, सजा मंडळात, मंडळ तालुक्यात. पंचायतीकडून बघितलं तर गाव ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत पंचायत समितीत. गट ग्रामपंचायत असेल तर दोन-तीन गावांना मिळून एकच पंचायत. ही दोन झाडं एकात कोंबू नकोस. गावाच्या ओळीत दोन रकाने ठेव, एक सजाचा, एक ग्रामपंचायतीचा. जमिनीचा अहवाल पहिल्यावरून काढ, नळाच्या पाण्याचा दुसऱ्यावरून.

बेरजेला पण जप. कुटुंबाला माणसं जोडलीस की घरात पाच जण असतील तर घराची ओळ पाचदा येते. ४० गुंठ्यांची भातखाचरं लगेच २०० गुंठे. जमिनीची बेरीज जोडणीच्या आधी, कुटुंबाच्या शीटवरच कर.

घर वगळलं की त्यातली माणसंही आपोआप पुसून टाकायची एक खूण असते. ती लावू नकोस. सातबाऱ्यावर बघ, खातेदार वारला तरी त्याचं नाव खरवडून काढत नाहीत. पूर्वी कंस करायचे, आता आडवी रेघ मारतात, आणि कुठल्या फेरफाराने नाव कमी झालं तो नंबर राहतो. त्यामुळे आजोबांच्या नावावरून नातवापर्यंत माग काढता येतो. तूही 'चालू' आणि 'बंद' असा रकाना ठेव, तारखेसकट.

हे सगळं करूनही काही ओळी उरतील. त्यांच्याबद्दलच मला खरं बोलायचंय. वरिष्ठ म्हणतील, 'इतर' नावाचं एक गाव कर, ढकल सगळ्या त्यात आणि अहवाल पाठव. नाही म्हणायला जड जाईल, नवी आहेस तू. पण त्या ओळी कुणाच्या असतात बघ एकदा उघडून. बहुतेकदा गावाच्या रकान्यात वाडीचं नाव लिहिलेलं असतं. डोंगरावरचा धनगरवाडा, गावाबाहेरची कातकरी वस्ती. महसुली गावांच्या यादीत वाडीला जागा नाही, म्हणून जोड लागत नाही. म्हणजे जिथे रस्ता सगळ्यात उशिरा पोचतो, तीच माणसं आपल्या टेबलातून सगळ्यात आधी गळतात. मला हे सहन होत नाही, आणि तुलाही होऊ नये.

म्हणून गाव आणि कुटुंब यांच्यामध्ये वाडीचं एक टेबल घाल. वाडीला तुमचा स्वतःचा कोड दे आणि ती कुठल्या गावाच्या हद्दीत येते ते त्या भागात फिरलेल्या ताईंना विचार. त्यांना पाठ असतं. जे तरीही जुळणार नाही ते वेगळ्या फाइलीत, नाकारल्याच्या कारणासकट ठेव आणि त्यातल्या ओळींची संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर लिही. लपवलीस की पुढच्या वर्षी तोच खड्डा.

आज फक्त यूयूआयडीची जोड देऊन बघ, बाकीचं उद्या. उरलेल्या ओळी वाडीवार लावून ठेव, रविवारी निवांत बसू दोघी.