भोकाचा पैसा

मुलांनो, तुम्ही घरी जिला रेजगारी म्हणता, तिला मराठीत मोड किंवा सुटे पैसे म्हणतात. खुर्दा असाही शब्द आहे; तो फारसीतूनच मराठीत आला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, ही मोड बाजारातून नाहीशी झाली. धातू युद्धाला लागत होता आणि लोकही नाणी घरात साठवू लागले. त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे होत. आणा देऊन दोन पैशांचे मीठ घेणाऱ्या गरिबाला उरलेले दोन पैसे कसे मिळणार? काही दुकानदार टपालाची तिकिटे देत, काही आपल्या सहीची चिठ्ठी. ही चिठ्ठी त्याच दुकानात चाले. दुकान बंद पडले, की ती रद्दी! मोरवी, जुनागढ अशा संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कूपने छापली.

१९४३ साली सरकारने मध्ये भोक असलेला पैसा काढला. भोकामुळे धातू वाचला. निफाडमध्येही एखाद्या आजीच्या डब्यात तो सापडेल. सापडला तर चिंचेने घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, तिथे जुनी नाणी पाहता येतात.

पण जुन्या वहीत दुकानदाराची चिठ्ठी मिळाली, तर ती अधिक जपा. पैसे कोट्यवधी पाडले गेले. चिठ्ठ्या मात्र लोकांनी फेकून दिल्या.